मुंबईहून मेळघाट: आधी गेट ठरवा, मग गाडी

विलेपार्ल्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे: "आम्ही चौघे. मी, नवरा, 11 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई. फेब्रुवारीत चार दिवस काढून मेळघाटला जायचं आहे. स्वतःची गाडी न्यावी की रेल्वेने जावं? आत फिरायचं कसं? आणि वाघ दिसण्याची शक्यता किती?"

ताई, मी अठरा वर्षं मुंबईतून लहान लहान गट घेऊन मेळघाटात जातोय. गाडी की रेल्वे हे मला सगळेच आधी विचारतात, पण ते नंतर ठरवायचं. आधी ठरवायचं ते गेट, म्हणजे जंगलात कोणत्या बाजूने शिरायचं ते. ते एकदा ठरलं की कोणत्या स्टेशनवर उतरायचं, मुक्काम कुठे, सामान किती, हे सगळं आपोआप जागेवर येतं.

कारण सांगतो. आपल्या डोक्यात राष्ट्रीय उद्यान म्हणजे बोरिवली. लोकलमधून उतरलं, पूर्वेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की आत. ते सगळं उद्यान जेमतेम 104 चौरस किलोमीटरचं आहे. मेळघाटातलं गुगामल राष्ट्रीय उद्यान एकटंच 361 चौरस किलोमीटरचं. त्याच्या भोवती मेळघाट, नरनाळा, वान, अंबाबरवा ही अभयारण्यं, आणि हा सगळा मिळून जो व्याघ्र प्रकल्प होतो तो दोन हजार चौरस किलोमीटरच्या वर जातो. 1973 मध्ये प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हा देशभरातून जी पहिली नऊ जंगलं निवडली, त्यातलं हे एक आणि महाराष्ट्रातलं एकमेव. अमरावती जिल्ह्यापासून अकोला, बुलढाण्यापर्यंत पसरलेलं. नावातच आहे, घाटांचा मेळ. एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जंगलातून सरळ जाता येत नाही. डोंगराला वळसा घालून खाली सपाटीवर उतरायचं आणि पुन्हा चढायचं. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर गाडीने अर्धा दिवस खातं. नरनाळ्याकडचं शहानूर गेट आणि सेमाडोह एकाच सहलीत बसवणारे लोक मी पाहिलेत. त्यांचे दोन दिवस अकोट-अंजनगाव-परतवाडा या रस्त्यावरच संपले.

ढोबळ मानाने दोन बाजू धरा. एक अमरावतीची: परतवाड्यावरून घाट चढून सेमाडोह, कोलकास, हरिसाल आणि बाजूला चिखलदरा. दुसरी अकोल्याची: अकोट, पोपटखेड, शहानूर आणि वर नरनाळा किल्ला. किल्ल्यांचं वेड असेल, गुडघे शाबूत असतील, तर दुसरी बाजू फार सुंदर आहे. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा आणि नऊगजी तोफ बघायला मी एरवी कुणालाही पाठवीन. पण सासूबाई बरोबर आहेत आणि तुमची पहिलीच खेप आहे, म्हणून माझं स्पष्ट मत अमरावतीच्या बाजूने. मुक्कामाच्या सोयी तिथे जास्त, आणि नुसत्या रस्त्यावरून जातानाही जंगल भेटत राहतं.

आता रेल्वे. मुंबईहून अमरावती एक्सप्रेस रात्री सुटते आणि सकाळी अमरावतीला सोडते. दादर, कल्याणला चढता येतं, त्यामुळे सीएसएमटीपर्यंत सामान ओढत जाऊ नका. साडेसहाशे किलोमीटरचा हा पल्ला झोपेत पार पडतो आणि सासूबाईंची पाठ वाचते. ती नाही मिळाली तर विदर्भ एक्सप्रेस किंवा नागपूर-हावड्याकडे जाणारी दुसरी कुठलीही गाडी, उतरायचं बडनेऱ्याला. बडनेरा मुख्य मार्गावर आहे, अमरावती त्याच्या फाट्यावरचं शेवटचं स्टेशन. मध्ये दहाएक किलोमीटर. आरक्षण आता 60 दिवस आधी खुलतं, पूर्वीसारखं 120 नाही. शनिवार-रविवार धरून जायचं असेल तर त्या दिवशी सकाळी आठलाच बसा.

मोबाइलच्या नकाशावर तुम्हाला अचलपूर स्टेशन दिसेल, जंगलाच्या अगदी पायथ्याशी. त्याला भुलू नका. मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला एक्सप्रेसची नॅरोगेज, ती आता धावत नाही. अकोला-खांडवा ही मीटरगेजही तशीच. ती तर खुद्द जंगलातूनच जायची, धुळघाटजवळ रुळांचा असा फेरा होता की गाडी स्वतःच्याच मार्गाच्या वरून पलीकडे जायची. मीनाक्षी एक्सप्रेसच्या खिडकीतून ते पाहिलेली माणसं अजून भेटतात आणि हळहळतात. 2017 च्या सुरुवातीपासून जंगलातला तो मार्ग बंद आहे. रुंदीकरण जंगलातूनच करायचं की बाहेरून वळवायचं, यावर मोठा वाद झाला. मी त्या गाडीवर जीव टाकणाऱ्यांपैकी, तरीही सांगतो, ती जंगलातून पुन्हा धावू नये.

विमानाचा पर्यायही आता आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. पण ती रोजची धरून बेत आखू नका. वार आणि वेळ बघूनच ठरवा. आणि विमानाने वेळ वाचतो असं वाटलं तरी रात्रीची रेल्वे तुम्हाला सकाळीच पोचवते, दिवस पूर्ण हाताशी देते. मी रेल्वेच घेईन.

स्वतःच्या गाडीबद्दल. समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाल्यापासून लोकांना वाटायला लागलंय की विदर्भ आता दारात आला. रस्ता उत्तम आहे यात शंका नाही. पण सलग सहा-सात तास एकसुरी सिमेंट, वेग 120, आणि चालवणारा एकटा नवरा. त्या रस्त्यावर झोपेची डुलकी आणि टायर फुटणं, दोन्ही जीवघेणं ठरतं. समृद्धी सोडल्यावरही खाली मूर्तिजापूर किंवा अकोल्याकडे यायचं, मग परतवाडा, आणि सगळ्यात अवघड भाग, घाट, थकलेल्या डोळ्यांनी, तोही बहुधा संध्याकाळी. दोन चालवणारे असतील आणि वाटेत छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करणार असाल तरच गाडी न्या. एरवी अमरावतीतून चार दिवसांसाठी स्थानिक ड्रायव्हरसकट गाडी ठरवा. त्या माणसाला प्रत्येक वळण पाठ असतं आणि रानगवा रस्त्यात उभा राहिला तर इंजिन बंद करून थांबायचं, हॉर्न मारायचा नाही, हे त्याला सांगावं लागत नाही.

कमी खर्चात करायचं तर एसटी आहे. अमरावतीच्या मध्यवर्ती स्थानकातून परतवाड्याला गाड्या सतत असतात, धारणीच्या गाड्या सेमाडोह-हरिसालवरून जातात, चिखलदऱ्याच्या वेगळ्या. महिलांना अर्धं तिकीट. एकट्याने फिरायचो तेव्हा मी कित्येक वर्षं हेच केलं. चौघांसाठी मात्र, तेही 68 वर्षांच्या बाई बरोबर असताना, एसटीने फक्त परतवाड्यापर्यंत ठीक. पुढे गाडी लागतेच.

परतवाडा हे गाव नीट लक्षात ठेवा. तिथपर्यंत सपाटी, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, आणि समोर एकदम सातपुड्याची भिंत उभी राहते. जे काही विसरलं असेल ते इथेच घ्यायचं. पेट्रोल भरायचं, रोख पैसे काढायचे, उलटीची गोळी, ओआरएस, टॉर्चचे सेल. मागच्या खेपेला आमचा ड्रायव्हर इथे चहा घेताना म्हणाला, "भाऊ, घरी फोन लावाचा असन तं इथूनच लावून घ्या, मंग वर रेंज नाई राहत." अगदी खरं. हरिसाल, धारणीत रेंज मिळते, मधल्या जंगलात मोबाइल म्हणजे फक्त घड्याळ. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि मुक्कामाच्या बुकिंगचा कागद छापून घ्या. नाक्यावर नेटवर्क नसताना फोनमधला पीडीएफ उघडत नाही आणि मागे गाड्यांची रांग लागते.

परतवाड्याहून बिहालीवरून घाट चढला की घटांग येतं. इथे रस्ता फुटतो, एक सेमाडोहकडे, दुसरा चिखलदऱ्याकडे. अंतर विचाराल तर परतवाडा ते सेमाडोह पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर. वेळ विचाराल तर दोन तास धरा. मुंबईत आपण अंतर मिनिटांतच सांगतो, तीच सवय इथे कामी येते: किलोमीटर विसरा, तास मोजा.

आणि एक नियम जो मी कुणासाठीही मोडत नाही: दुपारी चारनंतर परतवाडा सोडायचं नाही. हा नियम मी चूक करून शिकलो. एका डिसेंबरात रेल्वे पाच तास उशिरा आली. गटात दोन लहान मुलं होती, सेमाडोहला खोल्या घेतलेल्या, पैसे भरलेले. मी विचार केला, जाऊ दे, रस्ता ओळखीचा आहे. घटांगच्या पुढे पूर्ण अंधारात मागचं चाक बसलं. स्टेपनी होती, पण जॅक लावायला सपाट जागा नव्हती. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी. पाऊण तास मी टॉर्च धरून वळणावर उभा होतो, येणाऱ्या ट्रकने आम्हाला वेळेत बघावं म्हणून. गाडीत मुलं रडत होती आणि खाली नाल्यात भेकर भुंकत होतं, एकसारखं, थांबून थांबून. भेकर असं भुंकतं ते बिबट किंवा वाघ जवळ असल्यावर, हे मला माहीत होतं आणि गाडीतल्या कुणाला सांगायची सोय नव्हती. तेव्हापासून गाडी उशिरा आली की रात्र अमरावतीत किंवा परतवाड्यात. खोलीचे पैसे बुडाले तर बुडाले.

आता आत फिरण्याबद्दल. सफारी आणि वनविभागाच्या निवासाचं बुकिंग अधिकृत संकेतस्थळावरूनच करा, मधल्या माणसाकडून नको. चौघांचीही नावं ओळखपत्रावर असतील तशीच टाका आणि तीच मूळ ओळखपत्रं बरोबर ठेवा. ऐनवेळी नावं बदलत नाहीत. बुकिंग करताना साप्ताहिक सुटीचा वार आधी बघा, नाहीतर नेमक्या त्याच दिवशी तुम्ही गेटवर उभ्या राहाल. फेब्रुवारी निवडलात हे चांगलं केलंत. जुलै ते सप्टेंबर जंगलाचा गाभा बंद असतो, आणि पावसात सिपना नदी कधी पुलावरून जाईल ते सांगता येत नाही. पावसाळ्यातलं चिखलदरा वेगळं, ते धुकं आणि धबधबे बघायला जाणाऱ्यांचं ठिकाण. 15 ऑगस्टच्या आसपास तिथे गाड्यांची कोंडी दादरच्या टिळक पुलासारखी असते. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर प्राणी जास्त दिसतात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसण्याचा वनविभागाचा उपक्रमही असतो, पण ते ऊन सासूबाईंना झेपायचं नाही.

मुक्काम दोन रात्री सेमाडोह किंवा कोलकास आणि एक रात्र चिखलदरा, एवढंच ठेवा. कोलकासचं विश्रामगृह सिपनेच्या वळणावर, उंचावर आहे. दुपारी सफारी नसेल तेव्हा तिथल्या कठड्याशी नुसतं बसा, दुर्बीण घेऊन. खाली पाणी संथ वाहतं, पलीकडच्या काठावर साग आणि ऐन. बराच वेळ काहीच होत नाही. मग एक काळा दगड हलतो आणि कळतं की तो रानगवा आहे, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, गुडघाभर पाण्यात. मागून आणखी तीन येतात. माझ्या एका गटातल्या आजींनी सगळ्या सहलीत सफारी एकच केली आणि बाकीचा वेळ त्या कठड्यावर घालवला. परतीच्या गाडीत सगळ्यात जास्त प्राणी त्यांच्याच वहीत होते.

वाघाचं विचारलंत म्हणून सरळ सांगतो: वाघ आहेत, पण दिसतीलच असं नाही, आणि तेवढ्यासाठीच जायचं असेल तर ताडोबाला जा. ताडोबा सपाट, तळी भरपूर, वाघांना गाड्यांची सवय. मेळघाट डोंगराळ, झाडी दाट, दऱ्या खोल. वाघ तुमच्यापासून तीस पावलांवर असेल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. इथे काय बघायचं तर रानगवा, अस्वल, सांबर, चौसिंगा, रानकुत्र्यांची टोळी. आणि रानपिंगळा. हे एवढंसं घुबड 1884 नंतर शंभराहून जास्त वर्षं कुणी पाहिलं नव्हतं, नाहीसं झालं असंच सगळे धरून चालले होते. 1997 मध्ये शहाद्याजवळ ते पुन्हा सापडलं आणि नंतर मेळघाटातही त्याची चांगली वस्ती निघाली. ते दिवसाउजेडी वावरतं, म्हणून सफारीत दिसू शकतं. गाइडला आधीच सांगून ठेवा की आम्हाला रानपिंगळा बघायचाय. त्याचा चेहरा बदलतो बघा. रोज "वाघ कुठंय, वाघ कुठंय" ऐकणारा तो इथला कोरकू आदिवासी मुलगा त्या सकाळी मन लावून तुम्हाला जंगल दाखवेल.

एकदा अशाच सकाळी आमच्या गाइडने गाडी थांबवायला लावली आणि खाली बघत म्हणाला, धुळीवर पाणी नाही. आम्हाला काही कळेना. मग त्याने दाखवलं: रात्री पडलेल्या दवाने रस्त्याच्या धुळीवर बारीक ठिपके उठले होते, सगळीकडे, फक्त एका पावलाच्या ठशात नव्हते. म्हणजे पाऊल दव पडून गेल्यावरचं, पहाटेनंतरचं. अस्वलाचं होतं, लांब नखं स्वच्छ उमटलेली. पुढच्या वळणावर वारूळ उकरलेलं, माती अजून ओली. अस्वल दिसलं नाही. पण तुमच्या मुलीला असा एक ठसा वाचायला मिळाला तर सहल वसूल झाली म्हणून समजा.

चिखलदऱ्याची रात्र ठेवण्यामागे कारण वैराट. सेमाडोहहून मागे घटांगला यायचं आणि तिथून वर चिखलदऱ्याला. वैराट हे इथलं सगळ्यात उंच ठिकाण, 1178 मीटर. पूर्वी तिथे गाव होतं; त्याचं पुनर्वसन झालं आणि शेतांच्या जागी आता गवताचं मैदान आहे. गुगामलमधली बोरी, कोहा, कुंड ही गावं त्याच्याही आधी उठली. त्या गवतावर संध्याकाळी गव्यांचे कळप उतरतात. मुलीला हेही सांगा की हे कुरण कुणीतरी घर सोडल्यामुळे झालंय. गाविलगड किल्ला चिखलदऱ्याला लागूनच आहे. 1803 च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने तो भोसल्यांकडून जिंकला. तटापर्यंत गाडी जवळ जाते, आत चालणं आहे. सासूबाईंना दरवाजापर्यंतच पुरे.

कोरकू लोकांबद्दल दोन गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत. मेळघाट म्हटलं की मुंबईत लगेच कुपोषण आठवतं, आणि मग गाडीची काच खाली करून मुलांना बिस्किटं, चॉकलेटं वाटणं सुरू होतं. हे करू नका. मुलं रस्त्यावर धावत्या गाड्यांकडे झेपावतात, आणि जे लोक तुमचे यजमान आहेत त्यांचा तो अपमान आहे. द्यायचंच असेल तर गाइड स्थानिक घ्या, जेवण गावातल्या बचतगटाकडे सांगा, गवळ्यांकडचा खवा विकत घ्या, आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. फोटो काढण्याआधी विचारा. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे. मुलीला दोन-चार शब्द शिकून घेऊ द्या, म्हातारी माणसं फार खूष होतात. आणि तुमचा बेत पुढे ढकलून मार्चमध्ये होळीच्या आसपास गेला, तर प्रवासाला दुप्पट वेळ धरा. होळी हा त्यांचा सगळ्यात मोठा सण. कामाला बाहेर गेलेली माणसं परत येतात, एसटीत पाय ठेवायला जागा नसते, आणि गावोगावी रस्ता अडवून नाचत फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात. घाबरू नका, सुटे पैसे काढून ठेवा, हसून द्या.

तब्येतीचं थोडक्यात. उपजिल्हा रुग्णालय एका बाजूला अचलपूरला, दुसऱ्या बाजूला धारणीला. मोठं काही झालं तर अमरावती. सासूबाईंची नेहमीची औषधं चार नव्हे आठ दिवसांची घ्या, आणि निम्मी तुमच्या पिशवीत ठेवा. घाटात त्यांना पुढच्या सीटवर बसवा. उघड्या जिप्सीत मात्र उलट, मागच्या शेवटच्या बाकावर अजिबात नको, तिथे सगळे धक्के कमरेला बसतात. ड्रायव्हरच्या लगेच मागची जागा मागून घ्या. फेब्रुवारीत पहाटे साडेपाचला वारा अंगात शिरतो आणि दहा वाजता स्वेटर नकोसा होतो. तेव्हा एक जाड कपडा घेण्यापेक्षा तीन पातळ घ्या, कानटोपी विसरू नका. कपडे मातीच्या, पानांच्या रंगाचे. सफारीला निघण्याआधी सगळ्यांनी शौचालयाला जाऊन या, कारण आत तीन-चार तास गाडीतून खाली उतरता येत नाही. सासूबाई या धास्तीने पाणी पिणं सोडतील, ते करू देऊ नका. गाइडला गेटवरच विचारून ठेवा, वाटेत वनरक्षकांची संरक्षण कुटी कुठे आहे ते तो सांगेल.

परतीला अमरावती एक्सप्रेस संध्याकाळी निघते. त्या दिवशी सकाळची सफारी ठेवू नका. नाश्ता करून चिखलदऱ्याहून निघा, परतवाड्यात जेवा, संत्री घ्या. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री बाजारात असतात, आणि बागेच्या कडेला बसलेला शेतकरी जी टोपलीतून देतो ती दादरच्या बाजारात तुम्हाला मिळणार नाहीत.